डाव बरोबरीत सुटला

वर्तमानपत्रात बुद्धिबळाच्या स्पर्धेची बातमी आली की तिच्यात एक वाक्य हमखास असते : 'डाव बरोबरीत सुटला.' वाचणारा या वाक्यावर थांबत नाही. कोण जिंकला आणि कोण हरला एवढेच आपल्याला हवे असते. जिंकणाऱ्याचे कौतुक वाटते, हरणाऱ्याबद्दल हळहळ वाटते. बरोबरी करणाऱ्या दोघांबद्दल मात्र काहीच वाटत नाही. दोघांनाही अर्धा-अर्धा गुण मिळाला, दोघेही आपापल्या घरी गेले, संपले.

पण त्या वाक्यातले 'सुटला' हे क्रियापद मोठे मजेदार आहे. शाळा सुटते, गाडी सुटते, गाठ सुटते, कोडेही सुटते. शाळा सुटते ती पोरे कंटाळली म्हणूनही सुटते. कोडे मात्र डोके चालवल्याशिवाय सुटत नाही. बरोबरीत सुटणाऱ्या डावांतही असे दोन प्रकार आहेत. काही डाव शाळेसारखे सुटतात, काही कोड्यासारखे सुटतात, आणि एखादा असा असतो की बातमीत तो सुटलेला असतो, प्रत्यक्षात पुढे कित्येक वर्षे सुटत नाही. अशाच एका डावाची हकीगत मला सांगायची आहे. तो १९६२ साली बल्गेरियात, काळ्या समुद्राच्या काठी वार्ना येथे खेळला गेला. पांढरी मोहरी घेऊन बसला होता रशियाचा मिखाईल बोट्विनिक, तेव्हाचा जगज्जेता, वय वर्षे ५१. काळ्या मोहऱ्यांमागे होता अमेरिकेचा बॉबी फिशर, वय वर्षे १९.

या दोघांत त्या दिवशी केवळ पटच होता असे नाही. त्याच वर्षाच्या उन्हाळ्यात कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाओ बेटावर आव्हानवीरांची स्पर्धा झाली होती. जो पहिला येईल त्याने जगज्जेत्याशी लढायचे, असा तिचा अर्थ. फिशर त्या आधीची स्टॉकहोमची स्पर्धा दिमाखाने जिंकून तेथे गेला होता. पण कुरासाओला तो चौथा आला. पहिला पेट्रोस्यान, त्याच्या मागोमाग केरेस आणि गेलर. हे तिघेही सोव्हिएत संघराज्याचे. स्पर्धेत प्रत्येकाने प्रत्येकाशी चार डाव खेळायचे होते. या तिघांचे आपापसांतले डाव झाले बारा, आणि बाराच्या बारा बरोबरीत सुटले. त्यांतले बहुतेक तर थोडक्याच खेळ्यांत आटोपले. तिघांनी एकमेकांशी लढताना विश्रांती घ्यायची आणि बाकीच्यांशी लढताना जोर लावायचा, असा तो हिशेब होता.

फिशर गप्प बसणारा नव्हता. ऑगस्ट १९६२ मध्ये एका अमेरिकन साप्ताहिकात त्याने जाहीर आरोप केला की, रशियनांनी जागतिक बुद्धिबळ आपसांत ठरवून टाकले आहे. त्याच्या आरोपातला थोडा भाग चिडलेल्या पोराचा होता. तो चौथा आला तो केवळ या संगनमतामुळे नव्हे. त्या स्पर्धेत त्याचा स्वतःचा खेळही मनासारखा झाला नव्हता. पण बारा डावांचा हिशेब कोणाला नाकारता येण्यासारखा नव्हता. जागतिक संघटनेलाही पुढे तो मानावा लागला, आणि १९६५ पासून आव्हानवीराची निवड अशा स्पर्धेऐवजी दोघादोघांच्या लढतींतून होऊ लागली.

म्हणजे बरोबरी या शब्दाची फिशरला त्या वर्षी शिसारी आली होती. आणि वार्नाला ऑलिंपियाडमध्ये, संघासंघांच्या स्पर्धेत, त्याच्यासमोर साक्षात रशियन बुद्धिबळाचा कुलगुरू येऊन बसला.

बोट्विनिकला कुलगुरू म्हणणे ही अतिशयोक्ती नाही. तो विद्युत अभियंता होता, त्या विषयातली डॉक्टरेट त्याने मिळवली होती, आणि यंत्रशाळेतली शिस्त त्याने पटावर आणली होती. प्रतिस्पर्ध्याचे डाव जमवायचे, त्याच्या सवयी टिपायच्या, डावाची सुरुवात घरी बसून खोलवर तपासायची आणि एखादी नवी वाट सापडली तर ती योग्य वेळ येईपर्यंत जपून ठेवायची, ही त्याची पद्धत. डाव घरी निम्मा जिंकून मगच खुर्चीवर बसायचे, असे म्हटले तरी चालेल. फिशरही प्रचंड वाचन करणारा होता. रशियन मासिके वाचता यावीत म्हणून तो कामापुरते रशियन शिकला होता. पण त्याच्यामागे ना सरकार होते, ना संस्था. घरात बहीण बाजारातून बुद्धिबळाचा पट घेऊन आली आणि सहा वर्षांचा हा पोरगा त्याला चिकटला, ही त्याची सगळी पाठशाळा.

डाव सुरू झाला तो ग्र्युनफेल्ड बचाव या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुरुवातीने. बुद्धिबळ न खेळणाऱ्या वाचकासाठी तिची कल्पना थोडक्यात सांगतो. पटाची मधली चार घरे म्हणजे रणांगणातला उंचवटा. जुने पंडित सांगत की, आधी आपली प्यादी तेथे नेऊन उभी करा. ग्र्युनफेल्ड बचावात काळा खेळाडू हे ऐकत नाही. तो पांढऱ्याला म्हणतो, घे तो उंचवटा. स्वतः तो कडेला प्यादे एकच घर सरकवून त्याच्या मागे आपला उंट बसवतो, आणि मग उंट, घोडे, वजीर यांचा मारा मधल्या प्याद्यांवर सुरू करतो. शत्रूला मैदानात पुढे येऊ द्यायचे आणि आपण डोंगराच्या आडून त्याचे अन्नपाणी तोडायचे, ही युक्ती मराठी वाचकाला वेगळी शिकवायला नको.

ही सुरुवात एर्न्स्ट ग्र्युनफेल्ड या व्हिएन्नाच्या खेळाडूच्या नावाने चालते. गरिबीत वाढलेला आणि लहानपणीच एक पाय गमावलेला हा माणूस. १९२२ साली त्याने मोठ्या स्पर्धांतून ती खेळून दाखवली, आणि त्याच वर्षी व्हिएन्नाला अलेखिनसारख्या वाघाला तिने लोळवले. वार्नाचा डाव झाला त्याच वर्षाच्या एप्रिलमध्ये ग्र्युनफेल्ड वारला.

पण या सुरुवातीची जन्मपत्रिका पाहिली तर तिचे पहिले घर व्हिएन्नात नाही, कलकत्त्यात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर कलकत्त्यात वकिली करीत असे. तो इंग्लंडातल्या पहिल्या प्रतीच्या खेळाडूंपैकी होता. तेथे त्याची गाठ महेशचंद्र बॅनर्जी या बंगाली ब्राह्मणाशी पडली. महेशचंद्र खेड्यातून आलेला, देशी पद्धतीच्या खेळात तरबेज. देशी खेळात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चाले. त्यामुळे प्यादे एक घर सरकवून मागे उंट बसवायचा, ही त्याच्या हाताची सवय होती. या दोघांत शेकडो डाव झाले आणि कॉक्रेनने ते टिपून ठेवले. त्यांतल्या १८५५ सालच्या एका डावात महेशचंद्राने काळ्या मोहऱ्यांनी नेमकी तीच मांडणी केली आहे जिला पुढे ग्र्युनफेल्डचे नाव मिळाले. तो डाव मात्र तो हरला आहे. व्हिएन्नाच्या आधी सदुसष्ट वर्षे. युरोपातले पंडित उंटाच्या अशा मांडणीच्या सुरुवातींना 'इंडियन' म्हणतात, त्यामागे या देशी खेळाची आठवण आहे. महेशचंद्राचे चरित्र कोणी लिहून ठेवलेले नाही. कॉक्रेनला डाव टिपून ठेवण्याची सवय नसती, तर नावही उरले नसते.

तेव्हा ब्रुकलिनच्या पोराने वार्नाला जे हत्यार उचलले ते असे होते. बोट्विनिकला त्याचे नवल वाटले नाही. या सुरुवातीतली जी खास वाट फिशरने धरली, ती स्मिस्लॉवच्या नावाने ओळखली जाते. आणि स्मिस्लॉव हा बोट्विनिकचा जुना प्रतिस्पर्धी. १९५४, १९५७, १९५८ अशा तीन लढती त्या दोघांत जगज्जेतेपदासाठी झाल्या होत्या. त्या वेळी स्मिस्लॉवसाठी म्हणून बोट्विनिकने घरी एक सापळा तयार करून ठेवला होता. तो वापरण्याची वेळ आली नव्हती. आता चार वर्षांनी, दुसऱ्याच सावजासाठी, ती वेळ आली.

सोळा खेळ्यांपर्यंत सारे घरच्या वहीप्रमाणे चालले. सतराव्या खेळीला बोट्विनिकने मधले प्यादे पुढे सारून फिशरच्या वजिरावर हल्ला केला. वजिराने मुकाट्याने मागे सरावे आणि मग पांढऱ्याने मोहरे मारावे, असे वहीत लिहिलेले होते. फिशरने विचार केला आणि वजीर मागे न घेता पुढे नेला. बोट्विनिकच्या उंटाच्या अगदी तोंडापुढचे प्यादे त्याने वजिराने मारले. आंधळ्याने केल्यासारखी ती खेळी दिसते. कारण उंट वजिराला सरळ मारू शकतो. पण उंटाने वजीर मारला की काळ्याचा घोडा पांढऱ्याचा वजीर मारतो! वजिराला वजीर गेला, आणि फिशरच्या पदरात एक प्यादे फुकट पडले. जगज्जेत्याने घरच्या दिव्याखाली तपासलेल्या वाटेत ही एक खेळी राहून गेली होती. पोराला ती पटावर, घड्याळ चालू असताना दिसली.

येथे हा डाव संपला असता तर एक सुंदर गोष्ट झाली असती. पुस्तकी पांडित्याचा उपजत बुद्धीने केलेला पराभव, असे आपण म्हटले असते आणि टाळ्या वाजवल्या असत्या. मी कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे गोष्ट कोठे थांबवावी याचा मोह मला चांगला माहीत आहे. पण बुद्धिबळाचा डाव लेखकाच्या सोयीने थांबत नाही.

बोट्विनिक हादरला, पण कोलमडला नाही. एक प्यादे कमी असताना तो तासन्‌तास चिवटपणे खेळत राहिला. फिशरने आपली पकड मधल्या काळात थोडी सैल केली. एकेक मोहरे पटावरून उतरत गेले. पंचेचाळीस खेळ्यांनंतर, त्या काळच्या रीतीप्रमाणे, डाव दुसऱ्या दिवसावर तहकूब झाला. फिशरने आपली पुढची खेळी कागदावर लिहून पाकिटात बंद केली आणि पाकीट पंचांच्या हवाली केले. पटावर आता दोन राजे आणि दोन हत्ती होते. काळ्याची चार प्यादी, पांढऱ्याची तीन. डाव फिशर जिंकणार, असे त्याला स्वतःला तरी निश्चित वाटत होते.

ही तहकुबी आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. संगणक आल्यावर १९९० नंतरच्या दशकात ही पद्धत मोडीत निघाली; कारण रात्रीतून यंत्राला विचारून आलेल्या माणसाशी खेळण्यात अर्थ उरला नाही. पण तेव्हा यंत्रे नव्हती, मित्र होते. डाव तहकूब झाला की सहकाऱ्यांनी एकत्र बसून तो तपासायचा, ही सर्वांनी मान्य केलेली रीत होती. आणि बोट्विनिकचे सहकारी कोण? पेट्रोस्यान, स्पास्की, केरेस, ताल, गेलर! जगातल्या कोणत्याही राजाच्या दरबारात एका वेळी अशी पाच रत्ने नसतील. ती रात्र त्यांनी पट मांडून काढली. आपल्या मागे पडलेल्या प्याद्याचे रक्षण करीत बसावे, तर पांढरा हळूहळू गुदमरून मरणार, हे दिसत होते. तेव्हा गेलरला एक कल्पना सुचली. प्यादे सांभाळूच नये, जाऊ द्यावे. हत्ती मोकळा सोडावा, त्याने शत्रूच्या घरात घुसून पलीकडचे प्यादे मारावे. मग काळ्याकडे एका बाजूला दोन प्यादी शेजारी-शेजारी पुढे जायला मोकळी होतात खरी, पण पांढऱ्याचा हत्ती जागा होतो, आणि काळ्याच्या राजाला स्वस्थता मिळत नाही.

कुरासाओच्या बारा डावांची आठवण वाचकाला असेलच. त्या बारांतल्या आठ डावांत एका बाजूला हाच गेलर बसला होता. ज्या माणसाने उन्हाळ्यात न लढता बरोबरी केली म्हणून फिशर चिडला होता, त्याच माणसाने शरद ऋतूत रात्र जागून, दुसऱ्याच्या डावासाठी, एक खरीखुरी बरोबरी खणून काढली. एकाच माणसाच्या हातून बरोबरीचे दोन्ही प्रकार घडले. मला या हकीगतीत सर्वांत जास्त विचारात पाडते ते हे. तेव्हा केवळ निकाल पाहून माणसाची पारख करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पाकीट फुटले, डाव पुढे चालला. गेलरची कल्पना पटावर आली. तरीही फिशरला वाट होतीच, असे त्याचे पुढे कायम म्हणणे राहिले. एकावन्नाव्या खेळीला त्याने प्यादे पुढे ढकलले. त्याऐवजी राजा पुढे न्यायला हवा होता, असे तो म्हणे. प्यादे ढकलताच बोट्विनिकने राजाच्या बाजूचे आपले प्यादे पुढे टाकून त्याची सगळी मांडणी विस्कटली. अडुसष्ट खेळ्या झाल्या. फिशरची दोन प्यादी होती, बोट्विनिकचे एक. पण कोणालाच पुढे सरकता येईना. डाव बरोबरीत सुटला. फिशरच्या आयुष्यात बोट्विनिकशी खेळलेला हा एकच डाव. पुढे त्या दोघांची मोठी लढत भरवण्याच्या वाटाघाटी झाल्या, त्या फिसकटल्या. १९७२ साली फिशर जगज्जेता झाला तोवर बोट्विनिक स्पर्धांतून निवृत्त झाला होता. १९९५ साली बोट्विनिक गेला, २००८ साली फिशर गेला. दोघांचा हिशेब अर्धा-अर्धा राहिला तो राहिलाच.

एकटा मुलगा आणि समोर सहा जणांचा संघ, हे चित्र पाहून आपले मन साहजिकच मुलाकडे ओढले जाते. माझेही जाते. त्याने एकट्याने जे मिळवले ते रात्रीतून पाच जणांनी मिळून काढून घेतले, ही त्याची व्यथा खोटी नव्हती. पण थोडा विचार केला तर दुसरी बाजूही दिसते. त्याच्याही संघात चांगले खेळाडू होते; त्यालाही रात्र मोकळी होती. डाव जिंकलेलाच आहे असे ज्याला वाटते त्याला कोणाला विचारण्याची गरज वाटत नाही. आपण बुडतो आहोत हे ज्याला कळले आहे तोच दाराशी जाऊन हाका मारतो. जगज्जेत्याने आपल्या सहकाऱ्यांपुढे, म्हणजे उद्याच्या प्रतिस्पर्ध्यांपुढे, माझी तयारी फसली आता काय करू, असे म्हणून पट मांडला. त्या पाचांपैकी पेट्रोस्यान तर पुढच्याच वर्षी त्याचे पद घेणार होता! ही गोष्टही सोपी नाही.

आणि डाव खरोखर सुटला होता काय? फिशरने १९६९ साली आपल्या संस्मरणीय साठ डावांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात जिंकलेल्या डावांबरोबर काही हरलेले आणि काही बरोबरीतले डावही त्याने घातले आहेत. हा डावही त्यात आहे. बोट्विनिकच्या टिपणांना त्याने तेथे एकेक करून उत्तर दिले आणि राजाची खेळी केली असती तर आपण जिंकलो असतो असे मांडले. बोट्विनिकला ते पटले नाही. तोपर्यंत तो मास्तर झाला होता. होतकरू मुलांसाठी त्याची बुद्धिबळाची शाळा चालत असे, आणि त्या शाळेत मुलांना घरचा अभ्यास दिला जाई. या वादग्रस्त स्थितीचा अभ्यासही मुलांना दिला गेला. बाकू शहरातून येणाऱ्या तेरा वर्षांच्या एका मुलाने पांढऱ्याला वाचवणारी एक नवी वाट त्यातून शोधून आणली. त्या मुलाचे नाव गॅरी कास्पारोव. वार्नाचा डाव खेळला गेला तेव्हा त्याचा जन्मही झालेला नव्हता.

मी व्यवसायाने मास्तर आहे, म्हणून मला या गोष्टीचे अप्रूप वाटते. आपण वर्गात मुलांना जी गणिते घालतो त्यांची उत्तरे पुस्तकाच्या शेवटी छापलेली असतात. मुले तेथे आधी पाहतात आणि मग रीत बसवतात, हे आपल्यालाही ठाऊक असते. बोट्विनिकने मुलांना जे गणित घातले त्याचे उत्तर त्यालाही खात्रीने माहीत नव्हते. शिवाय ते त्याच्या स्वतःच्या अब्रूचे गणित होते. एखाद्या पोराने येऊन सांगितले असते की, गुरुजी, फिशर म्हणतो तेच खरे, तुम्ही हरला होता, तर ते त्याला ऐकून घ्यावे लागले असते. कास्पारोवचे उत्तर गुरुजींच्या बाजूने निघाले, हा योगायोग. गणित घातले, हे महत्त्वाचे.

आम्हा मास्तरांची एक जुनी चाल आहे. उत्तर चुकले पण रीत बरोबर असली, तर आम्ही अर्धे गुण देतो. पालक कधीकधी भांडायला येतात. अर्धे कशाला, एक तर पुरे द्या नाहीतर भोपळा द्या, म्हणतात. त्यांना मी समजावतो की, अर्धे गुण म्हणजे मुलगा अजून त्या गणितात आहे, बाहेर पडलेला नाही. वार्नाला दोघांना मिळालेले अर्धे-अर्धे गुण मला असेच दिसतात. सतराव्या खेळीची रीत फिशरची बरोबर होती, शेवटच्या रात्रीची रीत बोट्विनिकची. आणि अर्ध्या गुणांवर सुटलेले ते गणित पुढे एका पोराच्या वहीत पुन्हा मांडले गेले. कलकत्त्याच्या महेशचंद्राने पहिल्यांदा सरकवलेले ते प्यादे तोवर बाकूपर्यंत पोचले होते.